दुसरा ब्रेक

पाय ब्रेकवर पडला तेव्हा ब्रेक आधीच खाली गेलेला होता. झालं ते एवढंच. गाडी थांबली, पांढऱ्या पट्ट्यांवरून एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला ओढत पलीकडे गेले, जाता जाता त्यांनी आभार मानल्यासारखी काठी जराशी वर केली, आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुरेख थांबवली बाईंनी गाडी! पण तिच्या तळपायाला कळायचं ते कळलं होतं. पॅडलची पहिली दोन बोटं खोली पायाने दाबायची असते, ती दाबायला तिथे शिल्लकच नव्हती. जिन्याची एक पायरी अजून आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली एकदम जमीनच लागावी, तसं झालं. परीक्षेच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, एक परीक्षकाच्या. एक दाबला की दुसरा आपोआप खाली बसतो. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं ती त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसली होती.

“पुढच्या चौकात डावीकडे घ्या,” परीक्षक म्हणाला. आवाज आधी होता तसाच, जेवण झालेल्या माणसाचा. विणलेलं जाकीट घातलेला, निवृत्तीला आलेला, जाडसर गृहस्थ. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कागदावर चौकोनांच्या रांगा. त्यातला एक चौकोन तिला पाठ होता. परीक्षकाला ब्रेक लावावा लागला, असा तो चौकोन. तिथे खूण पडली की बाकीचं सगळं सोन्यासारखं असलं तरी माणूस नापास. तिने डावीकडचा दिवा लावला, आरशात पाहिलं, मान वळवून खांद्यावरून पाहिलं, समोरच्या दोन गाड्या जाऊ दिल्या आणि वळण घेतलं. हात आपले आपण काम करत होते. ती मात्र अजून त्या पांढऱ्या पट्ट्यांपाशीच उभी होती. त्याने दाबला का? दाबलाच असणार. की आपलाच पाय आधी पोचला होता आणि आपल्याला उगाच भलतंच वाटतंय? तिला खाली वाकून त्याचे बूट बघावेसे वाटत होते. तेवढं एक करता येत नव्हतं, कारण नजर रस्त्यावरून काढली की त्यालाही एक चौकोन होता.

ही तिसरी खेप होती. तीनदा नापास झालं की शिकाऊ परवाना रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणजे आणखी सात-आठ महिने. आणि गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेने स्वच्छ सांगितलं होतं, “सोमवारी लायसन दाखवा आणि व्हॅनची किल्ली घ्या. नाही जमलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल.” आज शुक्रवार होता. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, बुधवारी बागेत फिरवायचं, असं काम. ह्या देशात येऊन चौदा महिने झाले होते आणि चौदा महिन्यांत तिला माणसात घेणारं हे पहिलंच काम होतं. बाकी सगळा वेळ ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी बसून होती. भाजीला जायचं तरी नवरा ऑफिसातून यायची वाट बघायची. तो तिला दुकानाशी सोडायचा आणि म्हणायचा, “वीस मिनिटांत ये हं, इथे गाडी उभी करू देत नाहीत.” एखादं पार्सल पोचवावं तसा तो तिला सोडायचा आणि उचलायचा. आणि ह्या माणसाला गाडी कुणी शिकवली होती? तिने! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, ती शिकवायची त्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीवर, फुकट. चढावर गाडी उचलताना बंद पडली की तो घामाघूम व्हायचा नि म्हणायचा, “तू आहेस म्हणून बरं.” इकडे आल्यावर मात्र पठ्ठ्या पहिल्या फटक्यात पास झाला, आणि तेव्हापासून तिला रस्त्यांचे नियम समजावून सांगायला लागला.

त्याचं सोपं होतं, कारण तो कधी डाव्या सीटवर बसलाच नव्हता. तिकडे चालवणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे. शिकवणाऱ्याच्या पुढ्यात स्टिअरिंग नसतं. पायाशी ब्रेक आणि क्लच, आणि हात मांडीवर. इकडे सगळंच उलटं. इथे चालवणारा बसतो डावीकडे. म्हणजे गंमत अशी की एवढा मुलूख ओलांडून आली तरी ती जाऊन बसली आपल्या त्याच जुन्या सीटवर, फक्त ह्या वेळी पुढ्यात चाक होतं. आणि त्या सीटवर बसलं की काय करायचं असतं, हे तिच्या हाडांत मुरलेलं होतं. थांबायचं. शिकणाऱ्याला अर्धा क्षण द्यायचा. क्लासच्या मालकांनी, त्यांना सगळे काका म्हणत, तिला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. “अर्धा क्षण द्यायचा, मुली. त्याने दाबला तर दाबला, नाहीतर आपण. पण अर्ध्याचा पाऊण झाला, की समोरची भिंत आपली.” एकोणीस वर्षं तिने रोज, सकाळी सहापासून, तो अर्धा क्षण मोजला होता. गाडीच्या टपावर पाटी होती, फक्त महिलांसाठी. सातशेच्या वर बाया तिच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेल्या. एकीलाही तिच्या गाडीत साधं खरचटलं नाही.

पहिल्या परीक्षेत डाव्या पायाने घात केला. गाडी बिनक्लचची, समोर अचानक एक ट्रक मागे येऊ लागला तेव्हा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर असा आदळला, की परीक्षक बाईंचा चष्मा नाकावरून उडाला. ती बाई चष्मा पुसत म्हणाली, “तुम्ही आधी कधी चालवलीये का गाडी?” तिला काय सांगणार, कपाळ! दुसऱ्या वेळी तिने डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवला होता, पण वळण आलं तेव्हा ती नुसती बसून राहिली. क्षणभरच. उजवीकडे बसलेला माणूस आता चाक फिरवील, म्हणून वाट बघत राहिली. मग भान आलं, हात फिरले, पण तोवर पुढचं चाक फूटपाथवर चढलं होतं. घरी आल्यावर मुलीने कानातले हेडफोन काढून विचारलं, “काय झालं?” आणि उत्तर ऐकून म्हणाली, “आई, पण तू शिकवायचीस ना?” पोरगी काही वाईट मनाने बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणात तिने मीठ दोनदा घातलं आणि तिघांनी ते मुकाट्याने खाल्लं. नंतर नवरा म्हणाला, “अगं, साधी गोष्ट आहे. टेन्शन घेऊ नकोस. मी बाजूला बसतो, तू चालव.” आणि रविवारी दुपारी मोकळ्या रस्त्यावर तो बाजूला बसायचा, वरची कडी एका हाताने घट्ट धरून, आणि प्रत्येक सिग्नलला बुटाने खालची चटई दाबत. “अहो, तिथे ब्रेक नाहीये,” ती म्हणायची. “मी कुठे काय केलं?” तो म्हणायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गाडी त्याची, लायसन त्याचं, म्हणून ती तोंड मिटून चालवत राहायची.

आता परीक्षक म्हणाला, “सरळ,” आणि ती सरळ गेली. दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, एकसारखी कुंपणं, एका कुंपणावर वाळत टाकलेला निळा गालिचा. तो गालिचा मागे पडला आणि कशी कोण जाणे, तिला पोस्टातल्या बाई आठवल्या. आठवल्या म्हणणं खोटं आहे. त्या पट्ट्यांपासूनच मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या, तिने वळून पाहिलं नव्हतं इतकंच. पन्नाशीच्या, एकट्या, थोरल्या बहिणीबरोबर राहणाऱ्या. बचत खात्याच्या खिडकीवर बसून बसून खांदे पुढे आलेले. बहिणीला संधिवात, रिक्षात चढवत नाही, म्हणून ह्यांनी जुनी गाडी घेतली आणि क्लासला नाव घातलं. सकाळी सातची बॅच. येताना रोज रुमालात चार मोगऱ्याची फुलं आणायच्या आणि आरशाशी ठेवायच्या. स्वभावाने गाय. चालवायच्या बऱ्या, गिअर नीट टाकायच्या, पण ब्रेकला उशीर. नेहमी. अर्धा क्षण झाला, पाऊण झाला तरी त्यांचा पाय येतोच आहे. पहिल्या आठवड्यात ती ओरडली, “बाई, भिंत काय तुमची वाट बघणार आहे का?” तर त्यांचे डोळे भरून आले आणि पुढचे दोन दिवस त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या म्हणाल्या, “मॅडम, माझ्याच्यानं नाही व्हायचं. राहू द्या.” आणि तिला त्यांची दया आली. खरं म्हणजे थोडी दया आणि थोडा कंटाळा. आठची बॅच दारात ताटकळत होती. त्या दिवशी चौकात तिने आपल्या बाजूचा ब्रेक हळूच, लोणी कापावं तसा दाबला आणि म्हणाली, “बघा! थांबवलीत की नाही?” बाईंनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. “मी?” “मग काय मी? मी कुठे दाबला? तुम्हीच दाबलात.” अहाहा, काय चेहरा खुलला होता त्यांचा! तेव्हापासून रोज तसंच. तिचा पाय आधी, त्यांचा मागून. एकवीस दिवस. मैदानावरच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा होता, तिथे ब्रेकचं काम फारसं नव्हतं. बाई पास झाल्या आणि क्लासात पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या.

पाच आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा हातात काही नव्हतं. क्लासातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, नव्या आलेल्या तीन-चार बायांच्या देखत बसल्या. बहिणीला दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या. उताराला पाण्याच्या टाकीची भिंत. बहीण डाव्या सीटवर. गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे. “मॅडम,” त्या म्हणाल्या, “ब्रेक लागलाच नाही हो. मी नेहमीसारखाच दाबला. तुमच्या गाडीत लागायचा.” तक्रार नव्हती. खरंच विचारत होत्या. पोस्टात एखादा मुकाट माणूस खिडकीशी येऊन विचारतो ना, माझं पत्र का नाही पोचलं, तसं. आणि ती काय म्हणाली? नव्या बाया ऐकत होत्या. काका गल्ल्यावरून बघत होते. ती म्हणाली, “घाबरलात बाई तुम्ही. घाबरलं की पाय ॲक्सिलरेटरवर जातो. होतं असं.” बाईंनी थोडा वेळ विचार केला. मग मान डोलावली. “तसंच झालं असेल,” म्हणाल्या. “माझीच चूक.” उठताना उलट तिलाच म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” त्यांनी गाडी विकून टाकली. बहीण काठीशिवाय पुन्हा चालली नाही, हे तिच्या कानावर कुणाकडून तरी आलं. तिने मनाला लावून घेतलं नाही. तेच तर! अकरा वर्षं तिने ते मनाला लावून घेतलं नव्हतं, आणि आज एका परक्या गावात, परक्या गाडीत, पायाखालची दोन बोटं जागा नाहीशी झाल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, की बाई घाबरल्या नव्हत्या. त्यांनी नेहमीसारखाच दाबला होता. नेहमी जेवढ्याने लागायचा, तेवढाच दाबला होता.

केंद्राच्या आवारात तिने गाडी दोन पिवळ्या रेघांच्या मध्ये नीट उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. परीक्षकाने पेनचं टोपण काढलं. चौकोनांवरून पेन खाली खाली येत होतं. त्या एका चौकोनाशी आलं आणि पुढे गेलं. तिने पाहिलं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिने काच खाली केली. परीक्षकाने सही केली आणि कागद फाडून तिच्या हातात दिला. “झालात पास. अभिनंदन.” मग जरा मोकळा होऊन म्हणाला, “कागदावर वाचलं मी, तिकडे शिकवायचात तुम्ही. किती वर्षं?”

“एकोणीस.”

“मग आपण एकाच धंद्यातले,” तो हसून म्हणाला. “मी एकतीस.”

तिने कागद घडी केला, परत उघडला. बाहेर नवरा कुंपणाशी उभा राहून इकडेच बघत होता. दोन्ही भुवया वर करून विचारत होता, काय? इथे गप्प बसायचं. मुकाट्याने उतरायचं, सोमवारी किल्ली घ्यायची. एवढंच करायचं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, “त्या पट्ट्यांवर ब्रेक तुम्ही लावलात.”

त्याने पाटी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. पेनला टोपण लावलं. मग तिच्याकडे न बघता, अगदी मायेने म्हणाला, “मी कुठे दाबला? तुम्हीच दाबलात.”

तिला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी त्याचे पाय धरावेसे वाटले. त्याचा चेहरा तिला चांगला ओळखीचा होता. थोडी दया, थोडा कंटाळा, आणि दारात थांबलेला पुढचा उमेदवार. आपण ही गोष्ट किती सफाईने करतो असं तिला वाटायचं. समोरच्याला अशी दिसायची तर ती! का पोस्टातल्या बाईंनाही दिसली होती, आणि पास व्हायचं होतं म्हणून त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं? नाही. त्यांनी विश्वास ठेवला होता. हिला तर तीही सोय नव्हती. “नाही, मी नाही दाबला,” असं तिने एकदा म्हटलं असतं, तर त्याला तो कागद परत घ्यावा लागला असता. तेवढं एकच वाक्य होतं. तिला त्या देशाची भाषा आता तेवढं वाक्य बोलण्यापुरती नक्की येत होती. तिने पट्टा सोडला, दार उघडलं आणि म्हणाली, “थँक यू.”

नवऱ्याने तिला भर आवारात मिठी मारली. “बघ! मी म्हणत होतो ना, साधी गोष्ट आहे!” घरी जाताना त्याने तिला किल्ली दिली आणि स्वतः उजवीकडे बसला. पहिल्याच सिग्नलला त्याचा बूट चटईवर दाबला गेला. ती सिग्नलकडेच बघत राहिली. त्यालाच राहवलं नाही, म्हणाला, “नाही, छान लावलास ब्रेक.” संध्याकाळी मुलीने केक आणला, नवऱ्याने लायसनचा कागद फ्रिजवर चिकटवला आणि त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दिराचा लगेच फोन आला, “काय वहिनी, मास्तरीणबाई शेवटी पास झाल्या म्हणायच्या!” सगळे हसले, तीही हसली. शनिवारी मात्र तिने नवऱ्याला त्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली. पोस्टातल्या बाईंचीही सांगितली. त्याने ती दाढी करता करता ऐकली. “अगं, पास झालीस ना?” तो आरशातून म्हणाला. “आणि त्या बाईंचं म्हणशील, तर घाबरून ॲक्सिलरेटरवर पाय पडला असेल. होतं असं.” ती दाराशी उभी राहून त्याच्या गालावरचा फेस बघत राहिली. नंतर गॅलरीत जाऊन तिने फोनमध्ये जुना नंबर शोधला. ‘पोस्ट सकाळ सात’ असंच नाव टाकलेलं होतं, बाईंचं खरं नाव तिला आठवेना. नाव आठवत नाही त्या बाईला काय सांगणार, की तुमच्या पायाचा काही दोष नव्हता? तिकडे किती वाजले असतील ते तिने दोनदा मोजलं. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

रविवारी ती एकटीच गाडी घेऊन बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात गेली आणि दीड तास नुसता ब्रेक मारत बसली. वेग घ्यायचा, ब्रेक. वेग घ्यायचा, ब्रेक. पाय प्रत्येक वेळी वेळेवर जात होता. पण तिथे समोर माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं, बाजूला कुणी बसलेलं नव्हतं. त्या अर्ध्या क्षणाचं काय, ते तिथे कळण्यासारखं नव्हतं.

सोमवारी व्यवस्थापिकेने लायसन पुढून मागून पाहिलं, वहीत नंबर लिहून घेतला आणि लाकडी बिल्ला अडकवलेली किल्ली तिच्या हातात ठेवली. “एकोणीस वर्षांचा अनुभव,” ती आश्रमातल्या मंडळींना मोठ्याने म्हणाली, कारण अर्ध्यांना कमी ऐकू येत होतं, “अगदी निर्धास्त बसा.” आठ जण मागे चढले. कुणाची काठी, कुणाची पिशवी, कुणाची पाठीशी घ्यायची उशी. प्रत्येकाचा पट्टा तिने स्वतः लावला, ओढून पाहिला. नवव्या आजींना पाय मुडपता येत नव्हते, म्हणून त्यांना पुढे, उजवीकडे बसवलं. मग ती आपल्या जागेवर आली. डावीकडे. आरसे नीट केले, सीट पुढे घेतली, डावा पाय मागे ओढला. किल्ली घातली, पण फिरवली नाही. ती आडवी वाकली आणि आजींच्या पायांशी खाली पाहू लागली.

“काही पडलं का गं तुझं?” आजींनी विचारलं.

“नाही आजी. बघत होते, इकडे काही आहे का.”

आजींनी खाली पाहिलं. लोकरीचे मोजे घातलेले, सुजलेले दोन पाय चटईवर जवळ जवळ ठेवलेले होते.

“काही नाही गं इथे,” आजी म्हणाल्या. “माझेच पाय आहेत.”